दगडी घराला नवे बळ

(बीड जिल्ह्यातील खेड्यांत आजही काळ्या दगडाची, माळवदाची जुनी घरे दिसतात. काही घरांत माणसे राहतात, तर काही घरे ओस पडली आहेत. १९९३ च्या भूकंपानंतर अनेकांना या घरांची भीती वाटू लागली. दगडी घर खरोखरच धोक्याचे असते का? ते न पाडता मजबूत कसे करावे? त्याला नवी खोली जोडताना कोणती काळजी घ्यावी? या प्रश्नांची उत्तरे या पाठात दिली आहेत.)

बीड जिल्ह्यातून बालाघाटच्या डोंगररांगा जातात. या डोंगरांत काळा, कठीण दगड भरपूर मिळतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर आलेला तप्त लाव्हारस थंड झाला आणि त्यापासून हा दगड तयार झाला. त्याला बेसाल्ट म्हणतात. जे जवळ मिळते, त्याचेच माणूस घर बांधतो. म्हणून या भागातील जुनी घरे दगडाची आहेत.

दगडी बांधकाम किती टिकते, हे पाहायचे असेल तर फार दूर जावे लागत नाही. बीड शहराजवळची खजाना विहीर निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधली गेली. धारूरचा किल्लाही कित्येक शतके ऊनपाऊस सोसत उभा आहे. पण या इमारती आणि खेड्यातील साधे घर यांत एक मोठा फरक आहे. मोठ्या इमारतींसाठी पाथरवटांनी दगड घडवून चौकोनी केले होते. ते चुन्यात बसवले होते. त्यासाठी चुना घाणीत मळून घेत. काही ठिकाणी त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणीही घालत. गरीब शेतकऱ्याला एवढा खर्च कसा परवडणार? तो शेतातले आणि ओढ्यातले ओबडधोबड दगड गोळा करी आणि ते मातीच्या चिखलात रचून भिंत उभी करी. पुढे आपण जे पाहणार आहोत, त्याचे मूळ या फरकात आहे.

जुने घर कसे असते?

जुन्या घराचे जोते उंच असते. पायऱ्या चढून दरवाजातून आत गेले की ओसरी लागते. मधे उघडा चौक असतो आणि त्याच्या भोवती खोल्या असतात. भिंती दोन ते अडीच फूट जाड असतात. भिंतीत दिवा ठेवण्यासाठी आणि लहानसहान वस्तूंसाठी कोनाडे असतात.

छपराचे वजन पुष्कळ घरांत लाकडी खांब पेलतात. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर लाकडाच्या फळ्या किंवा चिपा असतात. त्यावर निंबाचा पाला पसरून वर मातीचा जाड थर देतात. अशा सपाट छपराला माळवद म्हणतात. उजेड आत यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून माळवदात एक झरोका ठेवतात. त्याला साणे म्हणतात. दोन तुळयांमधील जागेला खण असे नाव आहे. घर किती मोठे आहे, हे लोक खणांवरून सांगत. कोणाचे घर पाच खणांचे, तर कोणाचे सात खणांचे!

घराशी संबंधित कितीतरी शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतील. दरवाजा, इमारत, हौद, दिवाणखाना हे शब्द मराठीतही आहेत आणि उर्दूतही. मशिदीतील मेहराब मराठीत आली आणि तिची महिरप झाली. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. शेजारी राहणाऱ्या माणसांप्रमाणे शेजारच्या भाषाही एकमेकींच्या घरी जात-येत असतात.

अशा घराचे फायदे पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात बीडमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या वेळी पत्र्याची खोली भट्टीसारखी तापते. दगडी घरात मात्र गारवा असतो. जाड भिंत आणि मातीचे छप्पर हळूहळू तापतात आणि हळूहळू निवतात. माळवदावर पापड, कुरडया आणि मिरच्या वाळत घालता येतात. उन्हाळ्याच्या रात्री तेथे झोपताही येते. शिवाय दगड, माती आणि लाकूड ही सामग्री गावातच मिळते.

एका पहाटे काय घडले?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मराठवाड्यात भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या परिसराला सर्वांत मोठा तडाखा बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जनानंतर माणसे थकून झोपली होती. झोपेतच त्यांच्या अंगावर घरे कोसळली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. बीड जिल्हा लातूरला लागून आहे. तेथेही हा धक्का जाणवला. त्यापूर्वी हा भाग भूकंपाच्या दृष्टीने देशातील सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. त्यामुळे घर बांधताना भूकंपाचा विचार कोणी केला नव्हता.

या भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ होती. पुढे साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.७ होती, म्हणजे किल्लारीपेक्षाही अधिक. तोही पहाटेच झाला आणि दाट वस्तीच्या भागात झाला. तेथे सुमारे साठ माणसे दगावली. मग आपल्याकडे हजारो माणसे का गेली? याचे महत्त्वाचे कारण घरांच्या बांधणीत आहे. तेथील बहुतेक घरे हलक्या लाकडी सांगाड्याची होती आणि त्यांचे भाग एकमेकांना खिळ्यांनी जखडलेले होते. आपली घरे जड होती आणि त्यांचे भाग एकमेकांशी जोडलेले नव्हते. जमीन हलल्याने माणसे क्वचितच मरतात. ती मरतात घर पडल्याने.

भिंत का पडली?

बाहेरून पाहिले तर दगडी भिंत एकसंध वाटते. पण तिच्या आत डोकावले तर वेगळेच दिसते. गवंडी दगडांची एक रांग बाहेरून रचतो आणि एक आतून. मधल्या पोकळीत लहान दगड आणि माती भरतो. म्हणजे ती एक भिंत नसते, तर एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती असतात. त्यांना जोडणारा दगड मधे नसेल, तर धक्का बसताच त्या एकमेकींपासून सुटतात. बाहेरची भिंत बाहेर पडते आणि आतली आत, झोपलेल्या माणसांच्या अंगावर.

हे समजून घेण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. टेबलावर पुस्तकांच्या दोन उंच चवडी एकमेकींना लागून ठेवा. टेबल हळूच हलवा. चवडी दोन बाजूंना पडतील. आता पुन्हा तशाच चवडी रचा. या वेळी दर चार पुस्तकांनंतर एक मोठी वही दोन्ही चवडींवर आडवी ठेवा आणि शेवटी सर्वांभोवती एक दोरी घट्ट बांधा. पुन्हा टेबल हलवा. पुस्तके तीच आहेत, धक्काही तोच आहे. पण आता चवडी सहज पडणार नाहीत. ती आडवी वही म्हणजे भिंतीतील आरपार दगड. ती दोरी म्हणजे भिंतीभोवतीचा पट्टा.

या भूकंपात आणखी एक गोष्ट दिसून आली. काही ठिकाणी दगडी भिंती कोसळल्या, पण खांब आणि तुळया यांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. सुताराने सांधे जोडलेले होते. जे जोडलेले होते ते वाचले, जे सुटे होते ते पडले.

काश्मीरमध्ये हे ज्ञान जुन्या काळापासून आहे. तेथे लाकडी चौकटींचे लहान लहान कप्पे करून त्यांत दगड-विटा भरतात. या बांधणीला ‘धज्जी-दीवारी’ म्हणतात. कापडाच्या धज्ज्या जोडून गोधडी करावी, तशी ही भिंत! ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात अशी पुष्कळ घरे टिकली.

माळवदाचे वजन

दुसरा दोष छपराचा आहे. पावसाळ्यात माळवद गळू लागते. म्हणून मृगाच्या आधी घरमालक त्यावर नवी माती टाकतो. वर्षामागून वर्षे जातात. जुनी माती कोणी काढत नाही, नवी मात्र पडत राहते. आजोबांच्या वेळी वीतभर असलेला थर नातवाच्या वेळी दोन फूट होतो.

याचे वजन किती होत असेल? आपण हिशेब करू. समजा, खोली दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे. माळवदावर दोन फूट माती आहे. म्हणजे माती झाली १० × १० × २ = २०० घनफूट. एक घनफूट माती सुमारे ४५ किलो भरते. म्हणजे २०० घनफूट मातीचे वजन सुमारे ९,००० किलो, म्हणजे नऊ टन झाले! पावसात माती भिजली की हे वजन आणखी वाढते. एवढे ओझे डोक्यावर घेऊन घर उभे असते. मातीचा थर आठ इंचांवर आणला तर हेच वजन तीन टनांवर येते. म्हणजे फक्त फावडे आणि टोपली वापरून सहा टन ओझे कमी करता येते.

दुरुस्ती कशी करावी?

भूकंपानंतर सरकारने बावन्न गावे नव्या जागी वसवली. ज्या गावांत घरांना तडे गेले होते, तेथे दुरुस्ती आणि मजबुतीचा कार्यक्रम १९९४ पासून सुरू केला. त्यासाठी जागतिक बँकेने कर्ज दिले. पण लोकांच्या मनात दगडाची भीती बसली होती. अनेकांनी मदतीच्या पैशांतून जुने घर मजबूत केले नाही. त्याऐवजी शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. पण कुटुंबाचा वावर जुन्या घरातही चालूच राहिला. स्वयंपाक तेथेच, धान्य तेथेच आणि पुष्कळदा झोपणेही तेथेच. म्हणजे नवी खोली आली, पण जुना धोका तसाच राहिला. म्हणून घर वाढवण्याआधी जुने घर सुरक्षित करणे आवश्यक आहे. त्याच्या पायऱ्या पुढे दिल्या आहेत. हे काम जाणकार अभियंत्याला दाखवून आणि अनुभवी गवंडी व सुतार यांच्याकडूनच करून घ्यावे.

पहिली पायरी म्हणजे पाहणी. भिंतीला फुगवटा आला आहे का, कोपरे सुटले आहेत का, खांबांना वाळवी लागली आहे का, हे पाहावे. खांबाच्या तळाशी टोकदार खिळा टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड पोखरले आहे असे समजावे. भिंतीला तडा असेल तर तो जुना आहे की वाढतो आहे, हेही तपासता येते. तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी सिमेंटने चिकटवून ठेवावी. काही महिन्यांत काच फुटली तर तडा वाढत आहे.

दुसरी पायरी म्हणजे पाणी अडवणे. मातीत बांधलेल्या भिंतीचा मोठा शत्रू पाणी आहे. माळवदाचे पाणी पन्हळीतून भिंतीपासून दूर पडले पाहिजे. मोरीचे सांडपाणी पायाशी मुरता कामा नये. घराभोवती जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा.

तिसरी पायरी म्हणजे छप्पर हलके करणे. तुळयांना खालून टेकू द्यावेत. मग माती सगळीकडून थोडी थोडी काढावी. एकाच बाजूची माती आधी काढली तर तोल जाऊ शकतो. कुजलेल्या कड्या आणि फळ्या बदलाव्यात. वर प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरावा आणि त्यावर सुमारे आठ इंच माती दाबून बसवावी. कागदामुळे गळती थांबते. मग दरवर्षी नवी माती टाकण्याची गरज राहत नाही.

चौथी पायरी म्हणजे लाकडी सांगाडा घट्ट करणे. खांब आणि तुळई जेथे मिळतात, तेथे तिरपी लाकडे ठोकावीत. हात कमरेवर ठेवून उभ्या असलेल्या माणसाचा कोपर जसा दिसतो, तसा हा आधार दिसतो. चौकोन सहज वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. भूमितीच्या तासाला शिकलेली ही गोष्ट येथे घर वाचवते.

पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधणे. त्यासाठी भिंतीत सुमारे एक-एक मीटर अंतरावर एकेक दगड हलक्या हाताने सैल करून काढतात. येथे घण मारायचा नसतो. मग आतली माती काढून आरपार भोक करतात. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली लोखंडी सळई ठेवून भोक काँक्रीटने भरतात. काँक्रीट घट्ट झाले की तो आरपार बंध तयार होतो आणि दोन्ही थर एकमेकांना धरून ठेवतो. नवी भिंत बांधताना मात्र भिंतीच्या जाडीएवढे लांब दगडच आरपार घालावेत. दोन फूट उंचीच्या प्रत्येक टप्प्यात, चार-चार फुटांवर, असा एक दगड हवा. भिंतही उगीच जाड करू नये. दीड फूट पुरे होते. भारतीय मानक ब्यूरोने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांत हे नियम दिलेले आहेत.

सहावी पायरी म्हणजे पट्टा बांधणे. दरवाजे-खिडक्यांच्या वर, घराच्या चारही भिंतींवर, आतून आणि बाहेरून सुमारे एक फूट रुंदीची लोखंडी जाळी खिळ्यांनी बसवतात. दोन्ही बाजूंच्या जाळ्या भिंतीतून आरपार तारेने जोडतात आणि वर सिमेंटचा गिलावा करतात. कमरपट्ट्यामुळे वस्त्र जसे जागच्या जागी राहते, तशा या पट्ट्यामुळे चारही भिंती एकत्र राहतात. बाकीच्या भिंतीवर मात्र सिमेंटचा गिलावा करू नये. भिंतीतील ओल मग आतच कोंडते. तेथे माती किंवा चुना-वाळूचा गिलावा चांगला.

घर वाढवताना

कुटुंब वाढते, गरजा बदलतात. मुलांना अभ्यासाला जागा हवी असते. स्वयंपाकघरात उजेड हवा असतो. घरात न्हाणीघर आणि शौचालय हवे असते. या गरजा योग्यच आहेत. पण घर वाढवताना काही चुका फार महागात पडतात.

पहिली चूक म्हणजे जुन्या मातीच्या भिंतीवर काँक्रीटचा स्लॅब टाकणे. वरून घर पक्के दिसते. परंतु खालची भिंत कच्चीच राहते. धक्का बसला की अखंड स्लॅब खाली येतो. जुन्या भिंतीवर दुसरा मजला चढवणे तर त्याहून वाईट. माळवदावर पाण्याची टाकी ठेवणेही तसेच. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन! आपण कष्टाने माती काढली आणि टाकी ठेवली, तर काय उपयोग? टाकी जमिनीवर वेगळ्या कट्ट्यावर ठेवावी.

दुसरी चूक पायाची. बीड जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कापसाला ती चांगली, पण पायाला वाईट. म्हणून नव्या खोलीचा पाया काळ्या मातीखालच्या मुरुमापर्यंत न्यावा. मात्र जुन्या भिंतीला अगदी लागून खोल चर खणू नये. जुना पाया उघडा पडून भिंत खचते.

तिसरी चूक म्हणजे नव्या खोलीसाठी फक्त तीनच भिंती बांधणे आणि चौथी भिंत म्हणून जुनी भिंत वापरणे. यात थोडे पैसे वाचतात, पण नवी खोली आणि जुने घर वेगवेगळ्या प्रकारे हलतात व एकमेकांना धक्के देतात. नव्या खोलीला तिच्या स्वतःच्या चार भिंती असाव्यात. जुन्या व नव्या भिंतीत दोन-तीन इंचांची फट ठेवावी आणि वरून पत्र्याची पट्टी बसवावी, म्हणजे पाऊस आत येणार नाही. नव्या खोलीलाही जोत्याशी, खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळयांचे पट्टे हवेत. केवळ सिमेंट वापरले म्हणजे घर मजबूत झाले, असे नव्हे. २६ जानेवारी २००१ च्या गुजरातच्या भूकंपात अहमदाबादमधील काँक्रीटच्या अनेक उंच इमारतीही कोसळल्या.

चौथी चूक खिडकीची. उजेडासाठी खिडकी पाडताना ती कोपऱ्याजवळ पाडू नये. कोपरा हा घराचा खांदा आहे. तेथून किमान दोन फूट तरी दूर राहावे. भोक पाडण्याआधी वरच्या दगडांना टेकू द्यावा आणि वर लिंटेल बसवावे.

पत्र्याची पडवी काढणे स्वस्त असते. पण पत्रे उडू नयेत म्हणून पुष्कळ लोक त्यांवर मोठमोठे दगड ठेवतात. वादळात किंवा भूकंपात हेच दगड डोक्यावर पडतात. पत्रे हुकांनी आणि नटबोल्टांनी पक्के बसवावेत. पडवीचे वजन तिच्या स्वतःच्या खांबांवर असावे.

वेळ आणि पैसा

हे सर्व वाचून वाटेल, एवढा पैसा कोणाकडे आहे? प्रश्न खरा आहे. बीड जिल्ह्यातील लाखो माणसे दरवर्षी ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागते. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. साखर कारखान्यांचा हंगाम संपला की माणसे परत येतात. घराची कामे करायला त्यांच्या हाती उन्हाळ्याचे दीड-दोन महिने असतात आणि उचलीचे पैसे फेडून जे उरेल, तेवढाच पैसा.

म्हणून सगळी कामे एकाच वर्षी करण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या उन्हाळ्यात पाण्याची वाट बदलावी आणि माळवदाची माती उतरवावी. यात पैशापेक्षा मेहनत अधिक लागते. दुसऱ्या उन्हाळ्यात तिरपे आधार आणि आरपार बंध घालावेत. तिसऱ्या उन्हाळ्यात पट्टा बांधावा. नवी खोली त्यानंतर. आपण बहुधा याच्या उलट करतो. आधी खोली बांधतो, तिला रंग देतो आणि जुनी भिंत ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून सोडून देतो. पण भूकंप आपल्या सोयीचे वर्ष पाहून येत नाही.

काही भिंती मात्र दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या असतात. फुगून बाहेर झुकलेली भिंत पाडून पुन्हा बांधणेच बरे. तिचेच दगड नव्या भिंतीत वापरता येतात. दगड जुना झाला म्हणून वाया जात नाही.

दगड आपला वैरी नाही. शेकडो वर्षे त्याने आपल्याला सावली दिली, गारवा दिला. १९९३ मध्ये माणसांचा जीव घेतला तो सुट्या दगडांनी, मातीच्या ओझ्याने आणि आपल्या अज्ञानाने. आज ते अज्ञान राहिलेले नाही. आता जुने घर उभे ठेवायचे असेल तर त्याच्या भिंती एकमेकींना बांधाव्या लागतील आणि त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरवावे लागेल. घर असो की गाव, ज्याचे भाग एकमेकांना धरून राहतात तेच संकटात टिकते.

शब्दार्थ

ओस पडणे – रिकामे होणे, कोणी न राहणे
पाथरवट – दगड घडवणारा कारागीर
घाणी – चुना मळण्याचे बैलांनी फिरवायचे साधन
जोते – घराचा जमिनीपासून वर बांधलेला भाग
ओसरी – घराच्या पुढील भागातील बसण्याची जागा
तुळई – छपराचे वजन पेलणारे मोठे आडवे लाकूड
साणे – माळवदातील झरोका
चवड – एकावर एक रचलेल्या वस्तू
वीत – अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे माप
मृग – पावसाळा सुरू होण्याच्या वेळचे नक्षत्र
टेकू – तात्पुरता आधार
पन्हळ – छपरावरील पाणी वाहून नेणारी नळी
मोरी – घरातील पाणी वापरण्याची आणि वाहून जाण्याची जागा
गिलावा – भिंतीवर दिलेला लेप, प्लास्टर
मुरूम – काळ्या मातीखाली असलेला खडकाळ, घट्ट थर
उचल – कामाआधी घेतलेली रक्कम

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माळवद म्हणजे काय?
(आ) किल्लारीचा भूकंप केव्हा झाला?
(इ) मराठीतील ‘महिरप’ हा शब्द कोणत्या शब्दापासून आला?

२. कारणे लिहा.
(अ) माळवदावरील मातीचा थर वर्षानुवर्षे वाढत जातो.
(आ) जुन्या मातीच्या भिंतीवर काँक्रीटचा स्लॅब टाकू नये.
(इ) पत्र्यांवर दगड ठेवणे धोक्याचे असते.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पुस्तकांच्या प्रयोगावरून भिंतीविषयी काय समजते?
(आ) नवी खोली आधी बांधू नये, असे लेखात का म्हटले आहे?

४. हिशेब करा. एक खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद आहे. तिच्या माळवदावर दीड फूट माती आहे. मातीचे वजन सुमारे किती होईल?

५. आपल्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एखादे जुने घर पाहा. त्याच्या भागांची मराठी आणि उर्दू नावे घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून वहीत लिहा.